आंबलं, विसावलं की बसलं?

चष्म्याच्या दुकानदाराने चष्मे विकावेत, गाण्याच्या कार्यक्रमांच्या भानगडीत पडू नये. हे वाक्य माझं नाही, माझ्या बायकोचं आहे. तिने ते मला इतक्यांदा ऐकवलंय की दुकानाच्या पाटीवर रंगवून घ्यायलाही हरकत नाही. पण मा ओक-नान बाई जॉन्जू सोडून कायमच्या उल्सानला मुलीकडे चालल्या आहेत, हे कळल्यावर त्यांच्या रसिक मंडळाच्या अध्यक्षाने काय करायचं? लोकांच्या नाकांची मापं घेत बसायचं?

तो अध्यक्ष मी, प्यो ग्यू-थे. मंडळाचे सभासद कागदावर भरपूर आहेत, भांडायला मात्र नेहमी तिघंच येतो. निवृत्त शाळामास्तर नाम, औषधाच्या दुकानाच्या पांगबाई आणि मी.

बाई पान्सोरी गातात, म्हणजे आमच्या कोरियातलं जुनं कथागायन. गाणारी एकटी उभी, समोर ढोल घेऊन एकटा बसलेला, आणि दोघांनी मिळून एक लांबलचक गोष्ट अख्खी दुपारभर उभी करायची. ढोलवाल्याने नुसता ढोल बडवून भागत नाही. ‘ओल्सू!’ ‘जोता!’ अशी दाद देत गाणारीला त्याने पुढे न्यायचं असतं. थोडक्यात, ढोलवाला नाही तर पान्सोरी नाही. आणि बाईंकडे गेली तीन वर्षं ढोलवाला नव्हता, कारण त्यांच्यासमोर कुणी टिकत नव्हतं.

तीस वर्षं टिकला होता तो एकटा थाक चुन-बो. पण तीन वर्षांपूर्वी नामवनच्या कार्यक्रमात बाई दोन भागांच्या मध्ये पाणी प्यायल्या, थाककडे वळल्या आणि हळूच एक शब्द बोलल्या, ‘श्विओन्ने.’ पहिल्या रांगेला तो ऐकू गेला. पहिल्या रांगेत दुर्दैवाने आम्ही तिघं होतो. थाकने उरलेला कार्यक्रम वाजवला, ढोल फडक्यात बांधला, बसस्टँडवर गेला आणि पुन्हा आला नाही.

आता ‘श्विओन्ने’ म्हणजे काय? भात उन्हात राहिला की श्विओन्ने, आंबला. माणूस कामावरून येऊन टेकला की श्विओन्ने, विसावला. ओरडून ओरडून आवाज गेला की श्विओन्ने, घसा बसला. नाम मास्तरांचं ठाम मत असं, की बाईंनी तीस वर्षांच्या साथीदाराला भर कार्यक्रमात आंबलेला म्हटलं. पांगबाईंचं तितकंच ठाम मत असं, की ‘पुष्कळ कष्ट केलेत, आता विसावा घ्या’ असं त्या मायेने म्हणाल्या. माझा पक्ष घशाचा. दाद देऊन देऊन थाकचा घसा बसला होता, तेवढंच बाईंनी दाखवून दिलं, असं माझं म्हणणं. या पक्षात माझ्याशिवाय कुणी नव्हतं, पण सत्याला गर्दी लागत नाही असं मी स्वतःला समजावत असे.

तीन वर्षं आम्ही यावर भांडलो. मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर भांडलो, बीन्सच्या भाकऱ्या खाताना भांडलो, एकदा तर नाम मास्तरांच्या साडूच्या मयताला जाऊन तिथेही भांडलो. मास्तर पुरावे काढत. बाईंनी एका ढोलवाल्याला गाताना हातात धरतात तो घडीचा पंखा फेकून मारला होता. दुसऱ्याला ग्वांग्जूहून अर्ध्या गाण्यातून घरी पाठवलं होतं. थाकला तर थंडीत ढोल छातीशी धरून बसायला लावत, चामडं गार पडू नये म्हणून. पांगबाई म्हणत, ‘आणि थाकची बायको आजारी होती तेव्हा महिनाभर रोज सूप करून कोण नेत होतं?’ त्यावर मास्तर म्हणत, ‘तालमीला दांडी पडू नये म्हणून!’ माणूस एकदा वाईट ठरवला की त्याचं सूपसुद्धा खारट लागतं.

असो. बाई जाण्याआधी त्यांचं एकदा गाणं ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती. मोठा हॉल नको, झगमगाट नको. आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर ज्येष्ठांची खोली आहे, तिथे तासभर. बाईंना विचारायला गेलो तेव्हा त्यांच्या घरात खोकी भरणं चाललं होतं.

‘ढोलावर कोण?’ एवढंच त्या म्हणाल्या.

‘आणतो ना, बाई.’

‘आण. मिळाला तर गाईन. नाही मिळाला तर तुझ्या कपाळाला कपाळ लावून रडत बसणार नाही, सरळ गाडीत बसेन.’

मी तीन ढोलवाले नेले. पहिला ऐकून त्या म्हणाल्या, ‘याच्या मनगटाने फार व्हिडिओ पाहिलेत.’ दुसऱ्याची दाद ऐकून म्हणाल्या, ‘मासळी विकतोय का?’ तिसरा मुलगा देखणा होता, नम्र होता, वाजवत छान होता. त्याला त्यांनी चहा दिला, पेअर कापून दिलं आणि तो गेल्यावर म्हणाल्या, ‘ढोल चांगला आहे. मुलगा नको.’

घरी येऊन मी बायकोसमोर डोकं धरून बसलो.

‘अहो, साधी गोष्ट आहे,’ ती पालेभाजी निवडत म्हणाली. ‘त्यांना थाक हवेत.’

‘मग तसं म्हणत का नाहीत?’

‘तुम्हाला तरी कधी काय हवंय ते नीट सांगता येतं का? परवा ‘ते हे कुठंय’ म्हणून अर्धा तास माझ्यावर डाफरत होतात.’

ते हे म्हणजे नखं कापायचं यंत्र होतं, आणि ते खरोखरच जागेवर नव्हतं. पण बाकी ती म्हणाली ते मला पटलं.

थाक चुन-बो इम्शिलच्या पलीकडे एका खेड्यात राहतात. मी गेलो तेव्हा ते अंगणात मिरच्या उलथत होते. मी नमस्कार केला, घरी बनवलेली मिठाई पुढे केली, हवापाण्यावर बोललो. ते मिरच्यांवरून नजर हलवीनात. बाईंचं नाव काढलं असतं तर मिरच्यांबरोबर मलाही वाळत घातलं असतं, म्हणून मी थाप मारली. म्हटलं, एक नवशिकी मुलगी गाणार आहे.

‘कशी आहे मुलगी?’

‘गाते बरी,’ मी म्हणालो, आणि का कोण जाणे, तोंडातून खरं निघून गेलं, ‘पण फार हट्टी आहे.’

तेव्हा कुठे त्यांनी वर पाहिलं. ‘हट्टी असेल तर येतो. गुणी पोरींच्या साथीला वाजवताना मला झोप येते.’

बाईंना मी सांगितलं, ढोलवाला मिळालाय, तरुण आहे, आज्ञाधारक आहे. ‘आज्ञाधारक ढोलवाला म्हणजे भिंतीवरचं घड्याळ,’ त्या म्हणाल्या. मग खोक्यावर चिकटपट्टी ओढत म्हणाल्या, ‘चालेल. शेवटचंच आहे, घड्याळ तर घड्याळ.’ मी पुढचं खोकं त्यांच्यापुढे सरकवलं.

‘दोघांना थापा मारून समोरासमोर आणणार?’ बायको म्हणाली. ‘आणि बाई त्यांना बघून गाडीत बसल्या तर?’

‘समोर आल्यावर काही करता येत नाही. लोकलज्जा असते.’

‘त्या दोघांना?’ ती म्हणाली आणि भाजी धुवायला उठली.

माणसांचा प्रश्न सुटला तर खोलीचा उभा राहिला. आमच्या सोसायटीचे व्यवस्थापक जेगाल साहेब यांचा आयुष्यात एकाच गोष्टीवर विश्वास आहे, तो म्हणजे तक्रारअर्ज. वरच्या घरात चमचा पडला तरी खालच्या घरातून त्यांना फोन येतो, त्यामुळे आवाज या शब्दानेच त्यांची पाचावर धारण बसते. मी अर्जात ‘पान्सोरी’ लिहिलं, त्यांनी ते खोडलं.

‘प्यो साहेब, कार्यक्रमांच्या प्रकारांत हे नाही. वाढदिवस आहे, निवडणूक आहे, लसीकरण आहे, व्यायाम आहे.’

‘पण हे गाणं आहे!’

‘गाणं म्हटलं की नवव्या मजल्याच्या आजींचा फोन आलाच. गाताना श्वास घेतात ना? मग मी व्यायाम लिहितो.’

खोलीत पत्ते खेळणाऱ्या आजीआजोबांनी वेगळीच अट घातली. गाणं ऐकू, पण डाव अर्धवट टाकणार नाही. ज्या कलेसाठी लोक पूर्वी रानोमाळ चालत जात, तिला आमच्या सोसायटीत डाव संपेपर्यंत थांबावं लागणार होतं. मी अपमान गिळला. गिळायची सवय झाली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी थाक आजोबांना मी ज्येष्ठांच्या खोलीत पत्तेवाल्यांच्या शेजारी बसवलं. बाईंना चौदाव्या मजल्यावर आमच्या घरी बायकोच्या ताब्यात दिलं. वेळ झाली की बाईंना खाली आणायचं, बस. इथपर्यंत सगळं चोख होतं. मग लिफ्टच्या दारात नाम मास्तरांनी मागवलेला फुलांचा स्टँड आला. फुलवाल्याने अभिनंदनाऐवजी शोकाचा पाठवला होता. पांढरी शेवंती, काळी फीत. शेजारचे लोक हात जोडून हळू आवाजात विचारू लागले, ‘कोण गेलं?’ मी म्हटलं, ‘अजून कुणी नाही.’

आणि एवढ्यात प्रत्येक घराच्या भिंतीतला स्पीकर बोलू लागला. जेगाल साहेब जाहीर करत होते, ‘रहिवाशांनो, आज दुपारी ज्येष्ठांच्या खोलीत श्वासाचे व्यायाम होतील. सैल कपडे घालून यावे.’

मी धावत व्यवस्थापकांच्या खोलीत शिरलो. म्हटलं, हे आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा. जेगाल साहेबांना बाहेर शोकाच्या फुलांचा निकाल लावायचा होता. त्यांनी बटण दाबून माइक माझ्या हातात दिला आणि ते गेले. मी घसा साफ करून भारदस्त आवाजात सांगितलं, की व्यायाम नाही, पान्सोरी आहे, आणि कपडे कसेही चालतील. मग बटण पुन्हा दाबलं आणि माइक ठेवला. बटण दोनदा दाबावं लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात नाम मास्तर आणि पांगबाई आत आले, ते भांडतच आले. थाक खाली बसले आहेत हे मास्तरांना नुकतंच दिसलं होतं.

‘तुम्ही त्यांना फसवून आणलंत!’ मास्तर माझ्यावर कडाडले. ‘ज्या बाईने भरल्या सभेत त्यांना आंबलेला म्हटलं, तिच्याच समोर बसवणार?’

‘विसावा घ्या म्हणाल्या हो!’ पांगबाई म्हणाल्या. ‘मास्तर, शाळेत पोरांनाही असेच उलटे अर्थ शिकवलेत का?’

‘विसावा घ्या म्हटलं म्हणून कुणी तोंड लपवून बसने जातं का? ती बाई माणसं वापरते आणि फेकते. त्या बिचाऱ्याने तीस वर्षं ढोल नाही, अपमान वाजवला!’

‘आणि तिचं सूप?’

‘सूप काय सूप लावलंय! तीस वर्षांत त्यांच्या दादेला एकदा तरी मान हलवली का तिने?’

अध्यक्ष म्हणून शांतता राखणं माझं काम होतं. पण मुद्दा निघाला की माझाही तोल जातो. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, ‘तुम्हा दोघांनाही भाषा कळत नाही! घसा! थाकचा घसा बसला होता!’

दार उघडलं. दारात बाई होत्या. पायात आमच्या सौभाग्यवतींच्या सपाता, हातात मिटलेला पंखा. मला वाटलं, आता तो पंखा कुणाच्या तरी डोक्यात बसणार, आणि जवळचं डोकं माझंच होतं. पण बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांच्या मागे, जिन्याच्या बाजूने, थाक आजोबा ढोलाची काठी हातात घेऊन आले होते. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तरुण आज्ञाधारक ढोलवाला आणि हट्टी नवशिकी मुलगी.

‘आंबलेला?’ बाई म्हणाल्या. ‘मी तुम्हाला आंबलेला म्हणाले, दादा?’

‘मला तसंच ऐकू आलं,’ थाक म्हणाले.

‘तुमच्याबद्दल बोललेच कुठं मी?’

आमच्या भाषेत क्रियापद टाकलं की वाक्य झालं. कोण, ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं. तीन वर्षं आम्ही त्या क्रियापदाचा कीस काढला होता. कोण, हा प्रश्न तिघांपैकी एकालाही पडला नव्हता. मा ओक-नान स्वतःबद्दल असं काही बोलतील, हे आमच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

‘माझा घसा बसला होता,’ बाई म्हणाल्या. ‘त्या दिवशी वरचा सूर लागेना. डॉक्टर पुढे म्हणाले, आता लागणार नाही. ते कुणाला सांगणार मी? या लोकांना? तुम्हाला सांगितलं. जन्मात एकदा सांगितलं. आणि तुम्ही ढोल बांधून निघून गेलात. मला वाटलं, फुटक्या गळ्याला साथ कशाला करा, म्हणून गेलात.’

थाक आजोबांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. ‘मला वाटलं, मी आता तुमच्या कामाचा नाही उरलो.’

‘मग एक फोन नाही करायचा?’

‘तुम्ही का नाही केलात?’

‘मी मा ओक-नान आहे!’

‘मग मीपण थाक चुन-बो आहे!’

याच वेळी माझी बायको धापा टाकत आली, आम्हाला सगळ्यांना ढकलून टेबलाशी गेली आणि बटण दाबलं. लाल दिवा विझला. ‘अहो,’ ती म्हणाली, ‘किती फोन केले तुम्हाला! सगळी सोसायटी ऐकतेय!’ माझा फोन कार्यक्रमासाठी बंद होता.

बाईंचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. जी गोष्ट त्यांनी तीन वर्षं अख्ख्या जॉन्जूपासून लपवली, त्यासाठी ढोलवाले हाकलून दिले, लोकांकडून दुष्ट म्हणवून घेतलं, ती मी एका बटणाने चारी इमारतींच्या स्वयंपाकघरांत पोचवली होती. माझ्यामुळे त्या बाईचं काहीही शिल्लक राहिलं नव्हतं. मला रडू येत होतं, पण अध्यक्षाने रडायचं कसं हे माहीत नव्हतं.

‘गाडी कुठे लावलीय माझी?’ त्या म्हणाल्या.

टेबलावरचा फोन वाजला. जेगाल साहेब आत येऊन कपाळाचा घाम पुसत तो उचलते झाले. नवव्या मजल्याच्या आजी होत्या, आणि त्या एवढ्या मोठ्याने बोलत होत्या की आम्हा सर्वांना ऐकू आलं.

‘मध्येच बंद काय केलंत? पुढे काय झालं? ती गाणार आहे की नाही?’

जेगाल साहेब फोन छातीशी धरून बाईंकडे बघत राहिले. आवाज वाढवा अशी तक्रार त्यांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच आली होती. बाई जायला वळल्या. बोलले थाक.

‘सूर नाही लागला तर नाही लागला,’ ते म्हणाले. ‘कुठे थांबायचं ते तुम्हाला माहीत, तुम्ही कुठे थांबाल ते मला माहीत. चला, तिकडे म्हाताऱ्यांचा डाव संपत आलाय.’

बाई सपाता घालूनच गायला उभ्या राहिल्या. ज्येष्ठांची खोली भरली, मग कॉरिडॉर भरला. काही लोक खरोखर सैल कपडे घालून आले होते. सुरुवातीला आवाज खरखरीत होता, पण पान्सोरीत खरखर हेच तर धन. मग ती उंच जागा आली. बाईंनी डोळे मिटले, सूर वर नेला आणि तो तुटला. अगदी सर्वांदेखत तुटला. थाकने ढोलाच्या मोठ्या ठोक्याने तो झाकला नाही. काठी तशीच वर धरून ते थांबले, आणि ताप उतरलेल्या पोराशी बोलावं तसं हलकेच म्हणाले, ‘जोता.’ छान.

खरं म्हणजे तिथे आम्ही रसिकांनी दाद द्यायची. मी पांगबाईंकडे पाहिलं, पांगबाईंनी माझ्याकडे. दाद दिली ती नाम मास्तरांनी. ‘ओल्सू!’ असे ते इतक्या चिरक्या आवाजात ओरडले की पांगबाईंनी त्यांना आपला रुमाल दिला. मग सगळी खोली ओरडू लागली. बाईंनी तुटलेल्या सुराच्या खालून रस्ता काढला आणि त्या पुढे गेल्या. मी त्यांना मोठमोठ्या सभागृहांत ऐकलंय. यापेक्षा चांगलं कधीच ऐकलं नाही.

संपल्यावर टाळ्या चालू असतानाच बाई मागे वळून म्हणाल्या, ‘शेवटी ढोल मागे पडत होता.’

‘तुम्हीच पुढे पळत होतात,’ थाक ढोल फडक्यात बांधत म्हणाले.

‘तीस वर्षं हेच सांगताय.’

‘तीस वर्षं तुम्ही पळताय.’

ते दोघं भांडत भांडतच गाड्या लावतात तिकडे निघाले. मास्तर माझ्या कानाशी लागले, ‘पाहिलंत? एवढ्या वयाच्या माणसाला ढोल उचलायला लावला.’ पांगबाई दुसऱ्या कानाशी लागल्या, ‘पाहिलंत? त्यांची बाही धरून चालल्यात.’

मी बाईंची विसरलेली चप्पल घेऊन त्यांच्या मागे गेलो. थाकने ढोल मागच्या सीटवर ठेवला होता, कारण बाई त्यांना इम्शिलला सोडणार होत्या. मी गाडीच्या मागे अवघडून उभा राहिलो.

‘उल्सानला बस जाते,’ बाई म्हणाल्या. ‘वाटेत एकदाच बदलावी लागते.’

‘गुडघे गेलेत माझे. चढउतार होत नाही.’

बाई थोडा वेळ किल्लीशी चाळा करत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, ‘बरं. मी येत जाईन.’

आणि लगेच, कुणीतरी भांडण काढल्यासारखं, त्यांनी दार धाडकन लावून घेतलं. मी चप्पल खिडकीतून दिली. त्यांनी आभार मानले नाहीत. गाडी गेली.

नाम मास्तर आणि पांगबाई धावत आले. ‘काय म्हणाल्या? प्यो साहेब, तुम्ही जवळ होतात, शेवटी काय म्हणाल्या?’

मला प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला होता.

‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘सीटचा पट्टा बांधा म्हणाल्या.’